जूनमध्ये चाळीस जण नकोत, ऑक्टोबरमध्ये सहा जण या

प्रति,
अमेरिकेतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, पंच कमिट्या आणि तरुणसंघ यांस,

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, सप्रेम सलाम.

वर्षाच्या सुरुवातीला तुमच्या बैठकांमध्ये उन्हाळ्यातल्या मिशन ट्रिपचा विषय निघतो आणि अलीकडे बऱ्याच ठिकाणी नावाहो आदिवासींच्या प्रदेशाचं नाव पुढे येतं. हे पत्र त्या बैठकीच्या आधी वाचलं जावं, तिकिटं काढून झाल्यावर नव्हे, एवढ्यासाठी लिहितो आहोत. आम्ही नावाहो भागातल्या मिशनांची पाणी, जळण आणि घरदुरुस्तीची कामं आखणाऱ्यांपैकी आहोत. मागणी एकच आहे. तुमच्या मुलांच्या सुट्ट्या कधी आहेत हे बघून येण्याचा महिना ठरवू नका. तिथल्या घरांना कोणत्या महिन्यात काय लागतं, ते तिथल्या पाळकांना आणि चॅप्टरला, म्हणजे तिथल्या स्थानिक पंचायतीला, विचारा आणि मग ठरवा.

जून-जुलैत देशभरातून गट येतात. तीन-चार आठवड्यांत एकाच सभागृहाला दोनदा रंग लागतो आणि त्याच मुलांची तीन वेळा व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, होते. ऑगस्ट संपला की अंगण रिकामं होतं. मग पहिली थंडी पडते, म्हाताऱ्या माणसांच्या दारात जळण नसतं, रस्ते चिखलाचे होतात, आणि मिशनकडे एक पिकअप आणि दोन माणसं उरतात.

आधी प्रदेशाचा अंदाज घ्या. नावाहो नेशन साधारण 71,000 चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे मराठवाड्यापेक्षा थोडं मोठं. ते ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलंय आणि त्याची राजधानी विंडो रॉक. 2020 च्या जनगणनेत तिथे सुमारे 1 लाख 65 हजार माणसं राहत होती. घरं एकमेकांपासून मैल-दोन मैल लांब, मेंढरांच्या चराईप्रमाणे विखुरलेली. स्थानिक कारभार 110 चॅप्टरांमधून चालतो. चॅप्टर हाउस हीच सभेची, मतदानाची आणि बऱ्याचदा पाणी भरण्याची जागा. कोणत्याही कामाची पहिली चौकशी तिथेच करायची. मिशनची स्वतःची माणसंही तेच करतात.

आता पाणी. नावाहो घरांपैकी सुमारे 30 टक्के घरांत नळ नाही. अशा घरात माणशी दिवसाला दहा गॅलनपेक्षाही कमी पाण्यात भागवलं जातं आणि तेही बहुधा पिकअपच्या मागे पिंप ठेवून आणलेलं असतं. कारणं गुंतागुंतीची आहेत. विखुरलेल्या घरांपर्यंत पाइप टाकणं महाग पडतं, जमिनीच्या परवानग्यांना वर्षं लागतात, आणि नदीच्या पाण्यावरच्या हक्काचा वाद अजून मिटलेला नाही. 1868 च्या तहामुळे पाणी मिळवून देण्याची ठोस पावलं उचलणं अमेरिकी सरकारवर बंधनकारक होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. त्यामुळे "सरकार का करत नाही" हा प्रश्न तिथल्या आजीला विचारण्यात अर्थ नाही.

पाणी वाहायला येणाऱ्यांनी वजनाचं गणित घरूनच करून यावं. एक गॅलन पाणी म्हणजे पावणेचार किलो. 55 गॅलनचं निळं पिंप भरलं की पिंपासकट 215 किलोच्या पुढे जातं. साध्या, 'अर्ध्या-टनी' म्हणवल्या जाणाऱ्या पिकअपची भारक्षमता 700 किलोच्या आसपास असते आणि त्यात बसलेली माणसंही मोजायची असतात. म्हणजे दोन माणसं आणि दोन पिंपं. तिसरं पिंप लोभाचं. 275 गॅलनचा टोट, म्हणजे चौकोनी पिंजऱ्यातली टाकी, भरला की 1,100 किलो होतो. तो अशा गाडीवर चढवला तर पहिल्या खडबडीत मैलातच मागचे पाटे बसतात किंवा टायर फुटतो. टोट अर्धा भरून न्यावा ही युक्ती तर आणखी वाईट, कारण आतलं पाणी वळणावर एका बाजूला धावतं आणि गाडी कलंडते. मोठा टोट हवा तर गाडी 'एक-टनी' वर्गातली हवी.

पिंप खाद्यपदार्थांच्या दर्जाचंच घ्या. आधी त्यात काय होतं हे कुणाला सांगता येत नसेल तर ते पाण्यासाठी वापरायचं नाही, कितीही धुतलं तरी. नळी पांढरी किंवा निळी, पिण्याच्या पाण्याची. बागेतली हिरवी नळी उन्हात प्लास्टिकची चव सोडते आणि तिच्यातली सगळीच रसायनं आरोग्याला बरी नसतात. नळीच्या दोन्ही तोंडांना बूच लावून ठेवा, कारण ती गाडीच्या हौद्यात लोळते आणि तिथे मेंढरांच्या लेंड्याही असतात. हिवाळ्यात पिंप काठोकाठ न भरता चार बोटं जागा ठेवायची आणि प्रत्येक खेपेनंतर नळी पूर्ण रिकामी करायची. नाहीतर सकाळी नळीत बर्फाची कांडी तयार होते आणि अर्धा दिवस ती वितळवण्यात जातो.

नियमन असलेल्या ठिकाणाहून भरलेल्या पाण्यात क्लोरीन असतो, पण पिंपात साठवल्यावर तो उडून जातो. चाचणीपट्टी लावून बघा. लिटरला 0.2 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर साधं, वास नसलेलं ब्लीच घालायचं. बाटलीवर 6 टक्के लिहिलं असेल तर गॅलनला 8 थेंब, 8.25 टक्के असेल तर 6 थेंब. मग अर्धा तास थांबायचं. सुगंधी ब्लीच किंवा घट्ट, न उडणारं ब्लीच चालत नाही, आणि दुकानात घाईत नेमकं तेच उचललं जातं.

रस्त्यात पवनचक्क्या दिसतील आणि त्यांच्याखाली भरलेल्या टाक्या. ते पाणी जनावरांचं. 1944 ते 1986 या काळात या भूमीतून जवळपास तीन कोटी टन युरेनियमचं खनिज काढलं गेलं. पाचशेहून अधिक खाणी तशाच टाकून दिलेल्या आहेत. काही विहिरींत युरेनियम आहे, काहींत आर्सेनिक. दोन्ही उकळून जात नाहीत, ब्लीचनेही जात नाहीत. उकळल्यावर पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं. तुमच्या गटातला एखादा उत्साही गिर्यारोहक खिशातला गाळणीचा फिल्टर दाखवून "हे चालेल" म्हणेल. नाही चालणार.

थोरो गावच्या सेंट बोनाव्हेंचर मिशनचा पिवळा टँकर वर्षानुवर्षं घरोघर पाणी पोचवत आलाय. त्याच भागात पुढे घरगुती पाणीयंत्रणा बसवायला सुरुवात झाली. घराशेजारी जमिनीत पुरलेली 1,200 गॅलनची टाकी, छोटा पंप, फिल्टर, पाणी तापवायची सोय आणि सिंक, आणि वीज नसेल तिथे सौर पट्ट्या आणि बॅटरी. बसवायला माणसं मिळतात. रखडते ती देखभाल. फिल्टर वेळेवर बदलला जात नाही, बॅटरी मरते, रस्ता चिखलाचा असल्याने टँकर येत नाही आणि पंप कोरडा फिरून जळतो. तुमच्या मंडळीत विद्युत अभियंते पायलीचे पन्नास आहेत. त्यांतले दोन जण दर सहा महिन्यांनी येऊन वीस घरांचे पंप आणि बॅटऱ्या तपासून गेले, तर चाळीस जणांच्या रंगकामापेक्षा ते कितीतरी मोलाचं.

जळणाचं म्हणाल, तर ते आधी नीट समजून घ्यावं लागतं, कारण "लाकूड तोडायला येतो" म्हणणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. हा भाग समुद्रसपाटीपासून 5,500 ते 7,500 फुटांवर आहे. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत उतरतो. बरीच घरं फक्त लाकडाच्या शेगडीवर ऊब धरतात. घरात फटी किती आहेत त्यावर अवलंबून आहे, पण चार ते सहा कॉर्ड लाकूड एका हिवाळ्यात सहज जातं. कॉर्ड म्हणजे चार फूट उंच, चार फूट रुंद आणि आठ फूट लांब रचलेला ढीग, 128 घनफूट. लांब हौद्याच्या पिकअपमध्ये नीट रचून अर्धी कॉर्ड बसते आणि वाळलेल्या लाकडाचंही ते वजन त्या गाडीची मर्यादाच गाठतं. म्हणजे एका घराच्या एका हिवाळ्याला आठ ते बारा खेपा.

लाकूड मुख्यतः पिन्यन पाइन आणि जुनिपर. जुनिपरला तिथे सगळे सीडर म्हणतात, तुम्हीही म्हणा. ओलं पिन्यन वाळायला सहा महिने ते वर्ष लागतं. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय जाळलं तर धूर जास्त, ऊब कमी, आणि धुराड्याच्या आत डांबरासारखा थर साचतो. तो थर एखाद्या कडक थंडीच्या रात्री पेटतो आणि धुराड्यासकट छत जातं. म्हणून लाकूड तोडून, फोडून रचायचं काम एप्रिल-मेमध्ये, आणि वाळलेलं लाकूड घरोघर पोचवायचं काम ऑक्टोबरात. ऑक्टोबरात येऊन त्याच आठवड्यात हिरवी झाडं पाडून म्हाताऱ्यांच्या दारात टाकणं म्हणजे उपकाराच्या नावाखाली आगीची सोय. शिवाय नावाहो जंगलात तोडीला परवाना लागतो. तो मिशनने किंवा त्या कुटुंबाने घेतलेला असतो, बाहेरच्यांनी स्वतः जाऊन कुऱ्हाड चालवायची नसते.

फोडण्याआधी शेगडी मोजा. सर्वसाधारण माप 16 इंच, पण कितीतरी घरांत लहान किंवा पिंपापासून घरीच बनवलेल्या शेगड्या आहेत. आतली लांबी घ्या आणि त्यातून दोन-तीन इंच वजा करा. लांब तुकडा बसला नाही की माणूस शेगडीचं दार उघडं ठेवून जाळतो आणि घरात धूर भरतो. जाडीचंही तेच. सत्तरीच्या बाईला एका हाताने उचलता येईल एवढाच तुकडा हवा. मनगटाएवढ्या बारीक ढलप्यांचा वेगळा ढीग करा, पहाटे विझत आलेली शेगडी त्यावरच पेटते. रचताना खाली पॅलेट, वर पत्रा किंवा ताडपत्री, बाजू उघड्या, आणि जागा दारापासून चार पावलांवर. पण भिंतीला चिकटून नको, उंदीर तिथेच घर करतात.

ब्लॅक मेसा पठाराकडच्या कितीतरी घरांत पूर्वी कोळसा जळायचा. केयेंटाची खाण 2019 मध्ये बंद झाली, त्याच वर्षी पेजजवळचं औष्णिक वीज केंद्रही थांबलं, आणि त्या कुटुंबांचा भार लाकडावर आला. काही जण अजून मिळेल तसा कोळसा लाकडाच्या शेगडीत टाकतात. तो जास्त तापतो, पातळ पत्रा तडकतो आणि विषारी वायू घरात येतो. जळण पोचवायला जाल तेव्हा प्रत्येक घरासाठी कार्बन मोनॉक्साइडचा एक अलार्म घेऊन जा, दहा वर्षांची बंद बॅटरी असलेला. राखेसाठी झाकणाची लोखंडी बादलीही. प्लास्टिकच्या बादलीतली राख आणि वारा यांनी आगी लागल्या आहेत.

चेनसॉ फक्त शिकलेल्याच्या हातात, आणि तोही पायांवर संरक्षक चॅप्स, डोक्यावर हेल्मेट घालून. लाकूड फोडणाऱ्या यंत्रावर एका वेळी एकच माणूस. एक ओंडका धरतो आणि दुसरा दांडा ओढतो, या "मदतीत" बोटं जातात.

उन्हाळ्यात काहीच काम नसतं असं नाही. फिरत्या घरांच्या (मोबाइल होम) छतांवर पांढरा रबरी लेप द्यायला जून उत्तम, कारण मार्च ते मे वाऱ्याचे आणि जुलैपासून पावसाचे. व्हीलचेअरसाठी उतार बांधायलाही तो महिना बरा. उताराचं प्रमाण एकास बारा: दारात दोन फूट उंची असेल तर 24 फूट लांब, 36 इंच रुंद, आणि वर-खाली पाच फुटी सपाट जागा. गट येताना सोळा फुटांचंच लाकूड आणतो, मग शेवटी उतार तीव्र होतो आणि आजोबा त्यावरून एकदा घसरले की तो कायमचा कुत्र्यांना झोपायला. खिळे वापरू नका, डेकचे स्क्रू वापरा, आणि बर्फासाठी खरखरीत पट्ट्या लावा. या दोन्ही कामांना सहा-आठ हातच पुरतात.

"आम्ही मुलांसाठी खेळाचं मैदान बांधतो" असा प्रस्ताव मात्र पाठवू नका. तिथली जमीन खासगी मालकीची नसते. चराईचा हक्क एका कुटुंबाचा, मिशनकडे ठरलेल्या तुकड्याचा भाडेपट्टा, आणि नवं काही खणायचं तर हक्कदाराची संमती, चॅप्टरचा ठराव, पर्यावरणाची आणि पुरातत्त्वाची मंजुरी. पाच दिवसांत यातलं एकही होत नाही.

रस्ते. आल्बुकर्कीहून नेशनच्या वेशीवरचं गॅलप 225 किलोमीटर, तिथपर्यंत महामार्ग झकास. पुढे बहुतांश रस्ते मातीचे, कोरड्यात पन्हाळी पत्र्यासारखे आणि पावसात साबणासारखे निसरडे. बर्फ वितळायच्या दिवसांत शहाणी माणसं पहाटे जमीन गोठलेली असताना निघतात आणि ऊन चढायच्या आत परततात. जुलै ते सप्टेंबर कोरड्या ओढ्यांना अचानक लोंढा येतो, पाऊस कुठेतरी वीस मैलांवर पडलेला असतो. टाकी अर्धी झाली की भरा. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. कितीतरी घरांना पत्ताच नसतो, "निळी टाकी, मग मोडकं कुंपण, मग डावीकडे" असं असतं. गाई, घोडे आणि मेंढरं रस्त्यावर मोकळी असतात, म्हणून अंधारात गाडी चालवायची नाही.

घड्याळाचीही एक गंमत आहे. मार्च ते नोव्हेंबर ॲरिझोना घड्याळ पुढे करत नाही, नावाहो नेशन करतं, आणि त्याच्या पोटात असलेली होपी आदिवासींची भूमी मात्र करत नाही. टॉवर बदलला की फोन तासभर मागे-पुढे उड्या मारतो. फोनची आपोआप वेळ बंद करा आणि हाताने डेन्व्हरची वेळ लावा. उपासनेला अख्खा गट तासभर उशिरा पोचणं हे दर उन्हाळ्यात होतं.

घरी जाताना गाडी थोडी लांब उभी करायची, आत बसून राहायचं. घरचं कुणी बाहेर आलं, हात केला, की उतरायचं. पाच-दहा मिनिटांत कुणी आलं नाही तर परत फिरायचं. ते घरात असतीलही, पण आज भेट नको असेल. हॉर्न वाजवायचा नाही. हस्तांदोलन हलकं, हात हातात ठेवल्यासारखं. हॉगनचं, म्हणजे पारंपरिक नावाहो घराचं, दार पूर्वेला असतं आणि आत फिरायचं ते प्रदक्षिणेच्या दिशेने. वयस्कर बाईला शिमासानी, म्हणजे माझी आजी, आणि आजोबांना शिचेई म्हटलेलं चालतं. आपल्याला परक्या म्हाताऱ्यांना आजी-आजोबा म्हणायची सवय आहेच, ती इथे कामाला येते. ओळख देताना दिने (नावाहो स्वतःला दिने म्हणतात) माणूस आधी आईचं कुळ सांगतो, मग वडिलांचं, मग दोन्हीकडच्या आजोबांची. तुमच्याकडूनही नोकरीपेक्षा घरच्यांबद्दल ऐकायला त्यांना आवडतं. मेलेल्या माणसांबद्दल खोदून विचारू नका. फोटो विचारल्याशिवाय नाही, मुलांचे अजिबात नाही, आणि समारंभांचे तर विचारायचेही नाहीत.

ग्रहणाच्या दिवशी काम ठेवू नका. परंपरा पाळणारी कुटुंबं घरात बसतात, खात-पीत नाहीत, आकाशाकडे बघत नाहीत. 14 ऑक्टोबर 2023 च्या कंकणाकृती ग्रहणाला मॉन्युमेंट व्हॅलीसकट नेशनची उद्यानं बंद होती. गावाकडे ग्रहण पाळणाऱ्या आजीच्या घरात वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागू नये.

व्हीबीएस घ्यायचीच असेल तर मिशनच्या शाळेतल्या बाईंनी बोलावलं तर, आणि त्यांच्या हाताखाली. मुलांजवळ जाणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी-तपासणी आधी झालेली हवी, आणि एकटा प्रौढ कोणत्याही खोलीत मुलाबरोबर नको. चित्रं निवडताना साप आणि घुबड टाळा. घुबड तिथे अशुभाची चाहूल, आणि एदेन बागेचं सापासकट रंगवायचं चित्र बऱ्याच घरांत उंबऱ्याच्या आत येत नाही. हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत घ्या, पण मेंढरांबद्दल मुलांना शिकवायला जाऊ नका. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना तुमच्या पाळकांपेक्षा ते जास्त कळतं.

उपासनेबद्दल थोडं. तिथे नावाहो भाषेत नवा करार 1956 पासून आणि संपूर्ण बायबल 1985 पासून आहे. गीतं त्या भाषेत गायली जातात, पाळक बहुतेक तिथलेच. तुम्हाला बोलायला सांगितलं तर भाषांतरामुळे वेळ दुप्पट होतो, म्हणून दहा मिनिटांचंच तयार करा. बोलावलं तर तबल्यावर एक मराठी भजन म्हणा आणि खाली बसा. साक्षींचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम नको. आणि एखादं कुटुंब रविवारी उपासनेला आणि बुधवारी वैद्याकडे, पारंपरिक विधीला जात असेल, तर ते त्यांचं आणि त्यांच्या पाळकांचं बघणं.

इतिहास माहीत नसताना जाऊ नये. 1864 मध्ये आठ हजारांहून अधिक दिने माणसांना सैन्याने तीनशेहून अधिक मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्के रेडोंडोच्या छावणीत नेलं. 1868 च्या तहानंतर ती परतली, आणि लगेचच राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या सरकारने आदिवासींचे विभाग ख्रिस्ती पंथांना वाटून दिले. नावाहोंचा विभाग प्रेस्बिटेरियनांकडे गेला. पुढे 1898 मध्ये कॅथलिक नन कॅथरिन ड्रेक्सेल यांच्या पैशांतून फ्रान्सिस्कन धर्मगुरू सेंट मायकल्सला आले, 1901 मध्ये गनाडोचं प्रेस्बिटेरियन मिशन, 1903 मध्ये गॅलपजवळ रिहोबोथचं मिशन सुरू झालं. मिरजेचं वानलेस रुग्णालय उभं करणाऱ्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचंच गनाडो हे दुसरं अंग होतं: गनाडोच्या सेज मेमोरियल रुग्णालयात 1930 मध्ये आदिवासी मुलींसाठी परिचारिका प्रशिक्षण सुरू झालं. फ्रान्सिस्कन फादर बेरार्ड हाइले यांनी नावाहो भाषा शिकून तिची लिपी आणि कोश घडवण्यात आयुष्य घातलं. आणि याच काळात निवासी शाळांमध्ये मुलांचे केस कापले गेले, घरची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाल्या. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी अशा शाळांमधल्या आपल्या वाट्याबद्दल जून 2024 मध्ये माफी मागितली. दोन्ही गोष्टी एकाच आवारात घडलेल्या असू शकतात, आणि तुमच्यासमोर बसलेल्या आजोबांना दोन्ही आठवत असतात. मिशन कंपाउंडात वाढलेल्या मराठी माणसाला एवढं तरी कळावं की उपकार आणि राग एकाच घरात नांदतात.

तब्येतीचं पथ्य. सर्दी-खोकला असलेल्याने म्हाताऱ्यांच्या घरात पाऊल टाकायचं नाही, मग त्याने तिकिटाचे कितीही पैसे भरलेले असोत. मार्च 2020 मध्ये चिल्चिनबेटोच्या एका चर्चमेळाव्यानंतर कोविड या प्रदेशात झपाट्याने पसरला, आणि मे महिन्यात लोकसंख्येच्या प्रमाणात रुग्णसंख्येने न्यूयॉर्कलाही मागे टाकलं. हे तिथे कुणी विसरलेलं नाही. दुसरं, बंद पडलेल्या खोल्या. 1993 मध्ये याच भागात हंताव्हायरसची साथ आढळली, तो हरिण-उंदरांच्या लेंड्यांतून पसरतो. अशी खोली कोरडी झाडायची नाही. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा, एकास दहा ब्लीचचं पाणी फवारा, पाच मिनिटं भिजू द्या, मग हातमोजे घालून कागदाने पुसा. गट पोचल्या पोचल्या हातात झाडू घेतो, म्हणून हे गाडीतच सांगून ठेवा.

वस्तू. जुने कपडे पाठवू नका. ते निवडायला मिशनची माणसं दिवस घालवतात आणि निम्मे टाकायला पैसे मोजतात. मिठाई, सरबतांची पावडर, इन्स्टंट नूडल्सही नकोत. मधुमेहाचं प्रमाण जास्त आहे आणि नेशनने स्वतः 2015 मध्ये अशा खाण्यावर दोन टक्के जादा कर लावला. लागतात त्या गोष्टी: कामाचे हातमोजे, लोकरीचे मोजे, चेनसॉची साखळी आणि तेल, प्रौढांचे डायपर, मोठ्या बॅटऱ्या, दुष्काळी वर्षात मेंढरांसाठी गवताच्या गाठी, आणि पिकअपचे टायर. दारू गाडीच्या डिकीतही नको. नेशनच्या हद्दीत तिच्यावर बंदी आहे.

पैशांबद्दल स्पष्टच. वीस जणांच्या विमानभाड्याचा हिशेब मांडा आणि त्यातले चौदा जण घरी राहिले तर किती उरतात ते बघा. तुमच्यापैकी बरेच जण ज्या कंपन्यांत आहेत त्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालतात, फॉर्म भरायला दहा मिनिटं लागतात. हे पैसे फेब्रुवारीपर्यंत पोचले तर वसंतात लाकूड घेता येतं. डिसेंबरच्या नाताळ-वर्गणीतून वाळलेलं लाकूड बाजारात मिळेलच असं नाही, आणि मिळालं तर महाग.

शेवटी कामाचं. कोणत्याही मिशनला पहिलं पत्र लिहाल त्यात "आम्हाला सेवा करायची आहे" एवढंच नको. किती माणसं, त्यांत ट्रेलर मागे जोडून चालवता येणारे कोण, चेनसॉ शिकलेलं कोण, वीज-पंपाचं कळणारं कोण, परिचारिका कोण, कुणाला उंचीचा किंवा हृदयाचा त्रास आहे, गाड्या कोणत्या आणि त्यांची भारक्षमता किती, आणि पुढची तीन वर्षं याच आठवड्यात तीच माणसं येऊ शकतील का, हे लिहा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर ते सगळ्यात वर लिहा. ऑक्टोबरचा दुसरा-तिसरा आठवडा बहुतेक ठिकाणी मोकळा असतो. घरांची यादी चॅप्टरकडून सप्टेंबरात येते, म्हणून तुमची नावं ऑगस्टअखेरपर्यंत कळवा.

आपले,
नावाहो प्रदेशातल्या मिशनांच्या पाणी आणि जळण कामातले काही मराठी स्वयंसेवक